धरून ठेवलेली जागा

लग्नानंतर पहिल्याच हंगामाला मी सासरच्या माणसांबरोबर द्राक्षाच्या कामाला गेले. भात कापून, झोडून, कणगीत भरून झालं की हरसूलकडच्या आमच्या पाड्यांवरची माणसं खाली उतरायची. बागायतदाराचा टेम्पो यायचा. त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि म्हातारी माणसं सगळं एकत्र भरायचं आणि दुपारपर्यंत दिंडोरीच्या अलीकडे, पाटाच्या कडेच्या माळावर येऊन उतरायचं. पुढचे चार महिने त्या माळावर पालं ठोकून राहायचं. पाल म्हणजे चार वासे, वर प्लास्टिकचा कागद आणि बाजूनं खताच्या गोण्या शिवून केलेला आडोसा. नव्वदचं दशक तेव्हा निम्म्यावर आलं होतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि दहावी नापास होते, म्हणजे आमच्या टेम्पोत सगळ्यांत शिकलेली.

उतरल्याबरोबर मला एक जागा आवडली. माळ पाटाकडे उतरता होता, आणि ही जागा वरच्या अंगाला होती. सपाट, कोरडी, बाजूला बाभळीची सावली. मी माझं बोचकं तिथं ठेवलं आणि त्यावर टेकले. सासू लांबून ओरडत आली.

"उचल ते! आधी उचल! दगड दिसत नाय तुला?"

मी खाली पाहिलं. चुलीचे तीन दगड होते, पण पालथे घातलेले. काजळीची बाजू मातीकडे.

"इथं तर कुणीच नाही," मी म्हटलं.

"कुणी नाय म्हणूनच सांगते. असतं तर त्यांनीच सांगितलं असतं."

मग ती शेजारच्या जागेवर, म्हणजे आमच्या जागेवर, फतकल मारून बसली आणि मिसरी लावत लावत तिनं मला माळाची रीत सांगितली. हंगाम संपवून घरी जाताना प्रत्येक घर आपल्या चुलीचे दगड पालथे घालून जातं. दगड तसे आहेत तोवर जागा त्या घराची, मग ते घर आठ दिवसांनी येवो नाहीतर महिन्यानं. तिथं दुसऱ्यानं पाल ठोकायचं नाही हे तर झालंच, पण गोधडी वाळत घालायची नाही, शेळी बांधायची नाही, खरकटं पाणी फेकायचं नाही. जाता-येता दगडांवरून जायचं नाही, वळसा घालायचा. आपल्या पालापुढं झाडलं की शेजारच्या रिकाम्या जागेवरही झाडू फिरवायचा, नाहीतर गवत माजतं आणि साप-किरडू येऊन बसतं. ज्यांना यंदा यायचं नसेल त्यांनी कुणाबरोबर तरी सांगावा धाडायचा, "आमची चूल उठवा." सांगावा आला की शेजारच्या पालातल्या बाईनं ते दगड उचलून पाटाच्या भरावावर नेऊन ठेवायचे. स्वतःच्या चुलीला लावायचे नाहीत. आणि सांगावा आलाच नाही, तर मार्गशीर्षातल्या अमावस्येपर्यंत वाट बघायची. अमावस्या झाली की जागा मोकळी.

"आणि त्याच्या आधीच कुणाची नड असली तर?"

"मग शेजारणीनं ठरवायचं. ती हो म्हणाली तर हो. पंच नाय, मुकादम नाय, कुणी नाय. शेजारीण."

हे कुठं लिहिलेलं नव्हतं. जमीन आमची नव्हती. एखाद्या सकाळी कुणीही येऊन आम्हाला उठवू शकलं असतं. पण त्या माळावर कोण कुठं झोपणार एवढं तरी आम्ही ठरवत होतो आणि त्यात कुणी लबाडी करत नव्हतं. शाळेत असताना वसतिगृहात माझी पेटी दोनदा फोडली होती, त्यामुळे असेल, पण मला ही रीत फार आवडली. रिकाम्या जागेला मान देणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या जागेची माणसं तिसऱ्या दिवशी आली. नवरा, बायको आणि दोन मुली. खोऱ्याच्या पलीकडच्या पाड्यावरची. म्हणून सासू त्या बाईला पलीकडची म्हणायची आणि मीही तेच म्हणायला लागले. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, हाडापेरानं मजबूत, हसताना तोंडावर पदर न धरणारी. तिनं आल्याबरोबर जागा पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू झाडलीस?"

"हो."

"बरं झालं. आधीची शेजारीण आळशी होती."

त्या हंगामात मला काम तिनंच शिकवलं. घड विरळ करायचे म्हणजे घडातले मणी छोट्या कात्रीनं कापून काढायचे, म्हणजे उरलेले मणी फुगतात. दिवसभर हात वर आणि मान वर. पहिल्या आठवड्यात मला भाकरी थापताना मान खाली करता येईना. ती म्हणाली, "तू मान घडाकडं नेतेस. घड मानेकडं आण." औषधाच्या पाण्यात घड बुडवायचे दिवस आले की ते पाणी कोपरावरून काखेपर्यंत ओघळायचं आणि रात्री आग व्हायची. बाहीला खाली दोरा घट्ट बांधायचा, हे तिनं दाखवलं. माझ्या आईनं मला जे शिकवलं नव्हतं तेही तिनं शिकवलं, आणि हसत शिकवलं.

आम्ही वर्षातून चार महिने भेटायचो. बाकीचे आठ महिने ती खोऱ्यापलीकडे, मी अलीकडे. ना चिठ्ठी, ना निरोप. पण पाल ठोकलं की मधे एक गोणीचा पडदा तेवढा, आणि त्याच्या आरपार आमच्या गप्पा. तिसऱ्या वर्षी माझ्या कडेवर चार महिन्यांची मुलगी होती. तिला जुलाब लागले. मी कामावर गेले नाही तर नवऱ्याला बोलणी बसत होती. पलीकडचीनं काही न विचारता तीन दिवस खाडा केला आणि माझ्या लेकीला मांडीवर घेऊन चमच्याचमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजत बसली. मुलगी वाचली.  माझी मुलगी अशी वाचली, म्हणूनच पुढचं लिहायला मला फारसं तोंड उरलेलं नाही.

त्या हंगामाच्या शेवटी, टेम्पो येऊन उभा राहिला तेव्हा तिनं आपले दगड पालथे घातले, हात झटकले आणि मला म्हणाली, "माझी जागा बघ हां."

"बघीन की."

"सांगावा आला नाय म्हणजे मी येणार, असं समज."

चौथ्या वर्षी आम्ही आलो तेव्हा माळ ओळखू येईना. दिंडोरीकडे दर वर्षी नव्या बागा लागत होत्या. जिथं गहू नाहीतर टोमॅटो असायचे तिथं अँगल आणि तारा उभ्या राहिल्या होत्या. माणसंही तेवढी जास्त लागत होती. पेठकडची, सुरगाण्याकडची पालं आली होती. माळ वरपासून खालपर्यंत भरला. फक्त माझ्या शेजारची एक जागा रिकामी होती.

आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले, पलीकडची आली नाही. सांगावाही आला नाही. कुणीतरी म्हणालं, हरसूलच्या बाजारात ती दिसली होती, कढई घेत होती. नवी कढई घेतली म्हणजे येणारच, असा मी हिशेब लावला. मी रोज तिची जागा झाडायचे. दर बाजाराच्या दिवशी शेणानं सारवायचे. मागच्या वर्षी तिच्या नवऱ्यानं पालाभोवती पाण्यासाठी चर खणला होता तो बुजत आला होता, तोही मी खुरप्यानं मोकळा केला. माझी लेक आता चालायला लागली होती. ती दुडुदुडु त्या दगडांकडे गेली की मी तिला चापटी मारायचे. एवढ्याशा पोरीला.

जागा मागायला तीन घरं आली. तिघांनाही मी नाही म्हटलं. त्यातल्या एकीनं मला चार लोकांत सुनावलं, "जागा काय उरावर बांधून नेणार हायेस?" पण मला मागच्या वर्षीचं आठवत होतं. माळाच्या दुसऱ्या टोकाला एका म्हातारीनं दोन दिवसांसाठी म्हणून एका घराला शेजारच्या जागेवर बसू दिलं. ते घर उठलंच नाही. जागेचे मालक आले, भांडण झालं, एकाचं डोकं फुटलं आणि शेवटी ज्यांची जागा होती तेच तोंड फिरवून गेले. तेव्हा पलीकडची मला म्हणाली होती, "बघितलंस? दोन दीस म्हणतात आणि मुळं धरतात." ते मी मनात धरून होते.

मार्गशीर्ष अर्धा सरल्यावर एक उशिराचं पाल आलं. पेठच्याही आतल्या बाजूचं. नवरा, बायको आणि तीन महिन्यांची मुलगी. पहिल्यांदाच उतरले होते, माळावर त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. वर जागाच नव्हती म्हणून त्यांनी सगळ्यांत खाली पाटालगत पाल ठोकलं. पाटाला पाणी सुटलं की तिथली माती ओलसर राहायची, त्यामुळे तिथं कधी कुणी बसत नसे. ती बाई अगदीच लहान होती. माझ्याहूनही लहान. मी तिला मनात खालची म्हणायला लागले. नाव विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खापराचा तुकडा घेऊन वर आली.

"विस्तव देतेस का, बाय? आमचं लाकूड ओलं हाय, पेटत नाय."

मी दिला. परत जाताना सरळ वाट त्या रिकाम्या जागेवरूनच होती. ती दगडांपाशी थांबली.

"इथं कोण हाय?"

"येणार हायेत."

तिनं मान डोलावली आणि वळसा घालून गेली. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. हातात निखारे होते, खापर तापलं असणार, तरी ती वळसा घालून गेली.

त्यानंतर चार-पाच दिवसांत आभाळ आलं. थंडीच्या दिवसांत पाऊस कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. दुपारी एकच्या सुमाराला सुरू झाला तो थांबेचना. बागायतदारानं आम्हाला घरी सोडलं आणि तो फवारणीच्या मागे धावला. आम्ही माळावर आलो तेव्हा वरची सगळी पालं ठिबकत होती, पण उभी होती. खाली पाटालगत घोट्याएवढं पाणी साचलं होतं.

तासाभरानं ते दोघं माझ्या पालासमोर येऊन उभे राहिले. तिच्या पदराखाली मुलगी होती आणि त्यावर प्लास्टिकचा तुकडा. नवऱ्याच्या खांद्यावर दोन वासे होते. म्हणजे पाल मोडूनच आले होते.

"बाय, आमच्यात पाणी शिरलं," ती म्हणाली. "दोन दीस इथं बसू दे. पाऊस गेला का उठू."

"ही जागा दुसऱ्यांची हाय."

"ते आले तर लगेच उठू. आल्या पावली उठू."

"असं सगळेच म्हणतात."

मग तिचा नवरा बोलला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "दगड हलवणार नाय आमी. चूल नाय पेटवणार. नुस्ता कागद टाकून बसू."

आतून सासू म्हणाली, "बसू दे ग पोरी. लेकरू हाय."

मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. ही तीच सासू, जिनं मला पहिल्या दिवशी बोचकं उचलायला लावलं होतं. मला तिचा राग आला. मला वाटलं, रीत सांगायची हिनं आणि पाळायची मी, आणि वर वाईटपणाही मीच घ्यायचा.

"अवसेला चार दीस हायेत," मी खालचीला म्हटलं. "चार दिवसांनी या. मी स्वतः दगड उचलून देते."

मी ओरडले नाही. तोडून बोलले नाही. बँकेतला माणूस समजावतो तसं समजावून सांगितलं. एखाद्या भल्या बाईनं नियम सांगावा तसं. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, जणू माझंच बरोबर आहे.

"मग तुझं तू बघ," सासू म्हणाली. "शेजार तुझा हाय."  तिनं जोर केला असता तर मी ऐकलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. ऐकलं असतं, असंच दर वेळी वाटतं, पण ते तिच्या माथी मारण्यासाठी वाटतं की खरंच, हे कळत नाही.

ते खाली परत गेले. त्यांनी बागेतल्या छाटलेल्या काड्यांचे भारे पाण्यात रचले आणि त्यावर कागद टाकून वर बसले. मी आमच्यातल्या दोन कोरड्या गोण्या त्यांना नेऊन दिल्या. त्या घेताना ती म्हणाली, "बरं झालं बाय." मलाही वाटलं, आपण बरंच केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बागायतदार आला. मण्यांत पाणी साचलं तर घड कुजतात, म्हणून बागेतल्या प्रत्येक वेलीला हलवून घडातलं पाणी झटकायचं होतं. त्यानं सगळ्यांना बोलावलं, बाया, पुरुष, म्हाताऱ्या, सगळ्यांना. तो स्वतःही भिजत होता, डोळे लाल झाले होते, त्याचं वर्ष त्या घडांवर होतं. आम्ही ओळीनं तारा हलवत चाललो. वरून पाऊस आणि वेलींवरून झटकलेलं पाणी, दोन्ही आमच्याच अंगावर. खालची माझ्या पुढच्या ओळीत होती. मुलगी तिनं छातीशी बांधली होती. तार हलवली की ती पाठ पुढे करायची, म्हणजे पाणी पाठीवर पडावं. दर वेळी ते जमत नव्हतं.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि पदर बाजूला करून म्हणाली, "हिला बघ ना, बाय. कशी करते ती."

मुलगी श्वास घेताना बरगड्या आत ओढत होती. नाक फुललं होतं. रडत नव्हती. मी दोघींना आमच्या पालात घेतलं. आत आम्ही चार जण, शिवाय त्या दोघी, तिचा नवरा दाराशी बसलेला. कागद दोन ठिकाणी गळत होता. चुलीजवळ ऊब होती, पण धूर होता. सासूनं तेल कोमट करून मुलीच्या छातीला लावलं, ओवा भाजून फडक्यात बांधून शेकलं. आणि गोणीच्या पडद्यापलीकडे ती जागा होती. वर उंचावर, भोवती चर, पाणी वाहून जात होतं, आणि मी सारवलेलं शेण अजून धरून होतं. त्यांचा कागद आणि त्यांचे वासे तिथं दहा मिनिटांत उभे राहिले असते. धुराशिवाय, गळतीशिवाय. तेव्हाही मी म्हटलं नाही, की जा, तिथं बसा. आता मी त्यांना घरात घेतलं होतं, माझ्याकडून होईल ते मी करत होते. तेवढ्यावर माझं समाधान होतं.

सकाळी पाऊस ओसरला होता. आम्ही मुलीला दिंडोरीला दवाखान्यात नेलं. मला वाचता येत होतं म्हणून मी बरोबर गेले. डॉक्टर तरुण होता. त्यानं मुलीला तपासलं, इंजेक्शन दिलं, एक चिठ्ठी लिहिली आणि म्हणाला, "नाशिकला मोठ्या दवाखान्यात न्या. लगेच न्या." मी विचारलं, "बरी होईल ना?" त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "उशीर करू नका," एवढंच म्हणाला.

नाशिकची एसटी भरलेली होती. कुणीतरी तिला खिडकीपाशी जागा दिली. मी शेजारी उभी होते आणि तिचा नवरा मागे. मुलगी पदराखाली होती. मी दोनदा वाकून विचारलं, "कशी हाय?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "निजली हाय." म्हसरूळ गेलं. पंचवटीतल्या गर्दीत गाडी रखडली. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर कडक ऊन पडलं होतं, रस्ते वाळत होते.

स्टँडवर उतरल्यावर मी चिठ्ठी हातात घेऊन रिक्षा शोधायला निघाले. तिनं माझा दंड धरला.

"बाय, पेठची गाडी कुठं लागती तेवढं वाच."

"पेठची कशाला? आधी दवाखाना."

"नको आता."

"अगं, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे."

तिनं पदर थोडा सरकवला आणि परत झाकला. "थंड झाली ती. म्हसरूळच्या आधीच."

 मी भलतंच विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"गाडीतून उतरवलं असतं तर?" ती म्हणाली. "हिला घेऊन चालत कुठवर जाऊ?"

तिचा नवरा तिथंच फलाटावर उकिडवा बसला. माणसं त्याला वळसा घालून जात होती. मी पाटी वाचली आणि पेठची गाडी कुठं लागते ते दाखवलं. दुसरं मी काय करणार होते? गाडी लागल्यावर त्यांना आत बसवलं. पाण्याची बाटलीसुद्धा घेऊन द्यायचं मला सुचलं नाही. गाडी सुटताना तिनं खिडकीतून मान बाहेर काढली. मला वाटलं आता ती बोलेल. शिव्या देईल. मी तयार होते.

"तुझ्या दोन गोण्या आमच्या पालात हायेत," ती म्हणाली. "घेऊन ये. नाय तर कुणी उचलून नेईल."

मी माळावर परत आले तेव्हा चार वाजले असतील. बायका कपडे वाळत घालत होत्या. मी खाली जाऊन गोण्या आणल्या. त्यांचा कागद आणि एक पातेलं तसंच होतं. ते घ्यायला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी अमावस्या झाली. रीतीप्रमाणे जागा मोकळी झाली, पण ती कुणीच मागितली नाही. जी घरं आधी भांडायला आली होती तीही आली नाहीत. हंगाम संपेपर्यंत ती जागा तशीच रिकामी राहिली. मी झाडायचं सोडून दिलं. तिच्यावर गवत आलं.

मला कुणी काही बोललं नाही. रीतीनं बघितलं तर माझं काही चुकलं नव्हतं. माळावरची कुठलीही बाई हेच म्हणाली असती, आणि दोघी-तिघी म्हणाल्याही. एकदा फक्त सासू भाकरी टाकता टाकता म्हणाली, "मीच उठून त्यांना बसवायला पायजे होतं."  ती माझं ओझं थोडं स्वतःवर घेत होती, हे मला समजत होतं. पण ते कमी होत नव्हतं, फक्त दोघींना झालं होतं.

पलीकडची मला दोन वर्षांनी भेटली. हरसूलच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशी. अंगानं भरली होती. मला बघून धावत आली, माझा हात हातात घेतला. म्हणाली, त्या वर्षी त्यांना गुजरातकडे वीटभट्टीवर काम मिळालं, वर्षभराचं, तिथं पक्की खोली होती. आता तिकडेच असतात, सणाला येतात.

"सांगावा नाही धाडलास?" मी विचारलं.

"कसला सांगावा?"

"जागेचा. माळावरच्या."

तिला आठवायला एक क्षण लागला. मग ती हसली, तशीच, पदर न धरता. "अगं बाय! घाईत निघालो आमी, कुणाला सांगणार? मला वाटलं बसलं असेल कुणीतरी. तू काय धरून बसलीस का काय?"

"नाही," मी म्हटलं. "दिली मी. एका पेठकडच्या घराला दिली."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि माझ्या लेकीसाठी तिनं शेवेचा पुडा घेऊन दिला.

मी खोटं का बोलले ते मला त्याच वेळी कळलं होतं. तिनं माझ्या लेकीला मांडीवर घेतलं होतं. तिला मी काय सांगणार? आणि सांगून ती रडली असती, तिनं मला जवळ घेतलं असतं, आणि तेच मला नको होतं.

त्यानंतरच्या वर्षी मी कामाला गेले नाही. पाड्यावर अंगणवाडी सुरू झाली होती आणि वाचता येणारी बाई हवी होती. मला ते काम मिळालं. पोरांची वजनं घ्यायची, तक्त्यावर ठिपके द्यायचे, ताप आला, धाप लागली तर आईला बजावायचं, की थांबू नकोस, आत्ता ने. मी बजावते. माझ्यासारखं कुणी एवढ्या पोटतिडकीनं सांगत नाही, असं बायका म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

पुढे माळाला तारेचं कुंपण पडलं. बागायतदारांनी मजुरांसाठी पत्र्याच्या खोल्या बांधल्या. खोल्यांना नंबर असतात, ज्याला जो मिळेल तो.

दोन हजार सालानंतर मी दोनदा पेठला जाऊन आले. घरी सांगितलं, सरकारी कागदांचं काम आहे. खालचीचं नाव मला माहीत नव्हतं, पाडा माहीत नव्हता. बाजाराच्या दिवशी जायचं आणि बायकांचे चेहरे बघत फिरायचं, एवढंच मला करता येत होतं. तो चेहरा तरी मला नीट आठवत होता का? भिजलेला आठवतो. कोरडा असताना तो कसा दिसत असेल, मला माहीत नाही. सापडली असती तर काय बोलायचं हेही मी ठरवलेलं नव्हतं. पहिल्या खेपेला एका बाईच्या मागे मी बाजाराच्या टोकापर्यंत गेले. ती वळली तेव्हा दुसरीच निघाली.

दुसऱ्या खेपेला मी स्टँडजवळ चहा विकणाऱ्या म्हातारीला विचारलं. सांगितलं, की अशी अशी एक बाई, दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला गेली होती, तिचं तान्हं बाळ तिथं गेलं, पहिलीच पोर होती. नवरा बारीक, कमी बोलणारा. म्हातारीनं किटली खाली ठेवून माझं सगळं ऐकून घेतलं.

"त्यातली कोणती?" ती म्हणाली. "लय बाया जातात दिंडोरीला."

मी चहा घेतला आणि नाशिकच्या गाडीत बसले.